लिंबूटिंबूंचं मत

मंडळी, पाडव्याची पुरणपोळी झाल्यावर लोकशाहीवर बोलायला उभं राहायचं म्हणजे धाडसच. कोणाला डुलकी लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या जर्मनीच्या संसदेच्या, म्हणजे बुंडेस्टागच्या, मतदानादिवशी आमच्या घरी जोरदार वाजलं. लेक तेव्हा सतरा वर्षांची, जर्मन पासपोर्टवाली. युरोपीय संसदेसाठी जर्मनीत १६ व्या वर्षापासून मत देता येतं, म्हणून जून २०२४ मध्ये ती ऐटीत मत देऊन आली. बुंडेस्टागला मात्र १८ पूर्ण लागतात. म्हणाली, "बाबा, म्हणजे आम्ही लिंबूटिंबू ना? खरा खेळ बर्लिनचा!" मी तावातावाने ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपीय संघाची, बाजू घेतली. त्यावर ती म्हणाली, "तू बोलूच नकोस, तुला तर लिंबूटिंबूतही घेत नाहीत." खरंय. आमचा भारतीय पासपोर्ट, आणि मतदानाला गावी जाणं कधी जमत नाही.

तरी माझा मुद्दा अगदीच फुसका नव्हता. युरोपच्या निवडणुकीत जर्मनीत जागा मिळायला किमान पाच टक्के मतांची अट नाही, छोट्या पक्षाचं मत सहसा वाया जात नाही. बुंडेस्टागला सारा वागेनक्नेश्टबाईंच्या पक्षाला ४.९८ टक्के मतं पडली आणि जागा शून्य! युरोपीय संघात मोबाइल रोमिंगचा भुर्दंड २०१७ मध्ये गेला, तोही बर्लिनला एकट्याने घालवता आला नसता.

पण २०१९ आठवा. युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या सरकारसारख्या यंत्रणेच्या, अध्यक्षपदासाठी मानफ्रेड वेबर यांना पुढे करून मतं मागितली, आणि त्या पदावर आल्या फॉन डेर लायनबाई, ज्या निवडणुकीला उभ्याच नव्हत्या. संसदेने होकार दिला, तोही जेमतेम, बाजूने ३८३ मतं पडून. शिवाय कायद्याचा प्रस्ताव मांडायचा तो आयोगाने; आपण निवडलेल्या संसदेला तो अधिकार नाही. आणि आपले मंत्री तिकडे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत हात वर करून येतात, इकडे येऊन ब्रुसेल्सच्या नावाने बोटं मोडतात! बर्लिनचं सरकार नकोसं झालं तर निदान घालवता येतं. तेव्हाचे सरकारप्रमुख शोल्झ यांचं काय झालं ते पाहिलंच. लेकीला सांगू नका, पण पारडं तिच्याच बाजूला झुकतं.

आता थोडं आपल्याबद्दल. इथला पासपोर्ट घेतलेले आपल्यात कमी नाहीत. महाराष्ट्र विधानसभेच्या निकालादिवशी ग्रुपवर मेसेज वाचून संपेनात. ९ जूनला, युरोपच्या मतदानादिवशी, चर्चा कसली? सहलीला बटाटेवडे किती न्यायचे! तुम्हाला मत आहे हो, वापरा की.

सगळं सुरळीत चाललं तर २०२९ मध्ये लेक दोन्हीकडे मत देईल. पण पटलं नाही तर घालवायचं कोणाला, बर्लिनवाल्यांना की ब्रुसेल्सवाल्यांना, हे तिने विचारलं तर काय सांगू?