आपली पाठ आपल्याला दिसत नाही

(पडदा नुसता राखाडी. ओल्या रस्त्यावरून टायर जातानाचा आवाज.)

या चौकटीत एक गाडी आहे. शोधून बघा.

नाही सापडायची. राखाडी गाडी, राखाडी डांबर आणि मध्ये दाटलेलं राखाडी धुकं. आवाज येतोय म्हणजे ती आहे. पण किती लांब आहे, कुठल्या अंगाला आहे, कळायला मार्ग नाही.

(धुक्यातून गाडीची मागची बाजू एकदम उगवते. एकही लाल दिवा लागलेला नाही.)

आता दिसली. आणि दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. डोळ्यांना दिसणं, मेंदूला पटणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यातच सेकंदभर जातो. गाडीचा वेग कमी व्हायला लागतो तो त्याच्या पुढे.

आता त्याच दिसत नसलेल्या गाडीत जाऊन बसू.

(गाडीच्या आत. डॅशबोर्ड झगमगतो आहे.)

इथे सगळं उजळलेलं आहे. वेगाचा आकडा, नकाशा, गाण्याचं नाव. समोरच्या धुक्यावर पांढरा उजेडही पडलाय. या चालकाला विचारलं, दिवे लावलेत का, तर तो म्हणेल, "म्हणजे काय, लावलेत की!" तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतंय. तो ज्या जागी बसलाय, तिथून त्याला त्याच्या गाडीची पाठ दिसतच नाही. धुक्यातल्या दिव्यांचा निम्मा घोळ या एका गोष्टीतून सुरू होतो.

पूर्वी असं नव्हतं. दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्डही उजळायचा नाही. वेगाचा काटा दिसेना की हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जायचा. ती गैरसोय होती, पण फुकटची आठवणही होती. आता पडदा कायम पेटलेला, त्यामुळे ती आठवण गेली.

आणि समोर पडलेला तो पांढरा उजेड? ते हेडलाइट नव्हेत. ते दिवसा लागणारे दिवे, म्हणजे डीआरएल. भर दिवसा समोरून येणाऱ्याला आपली गाडी लवकर दिसावी, एवढंच त्यांचं काम. स्वीडनने १९७७ पासून दिवसाही दिवे लावून गाडी चालवणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांना डीआरएल बंधनकारक झाले. कल्पना चांगलीच आहे. पण डीआरएल लागले की मागचे लाल दिवेही लागलेच पाहिजेत, अशी अट त्या नियमात नव्हती. त्यामुळे कित्येक गाड्यांचं तोंड उजळलं आणि पाठ अंधारातच राहिली.

(बटणाचं जवळून दृश्य. खूण 'ऑटो' या शब्दावर.)

"पण माझी गाडी ऑटोवर आहे." हे वाक्य फार ऐकू येतं. ऑटो म्हणजे काय, ते बघू. काचेच्या वरच्या कडेला एक छोटा सेन्सर असतो. तो उजेड मोजतो, लक्स या मापात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बाहेरचा उजेड १००० लक्सच्या खाली गेला, की त्याने दोन सेकंदांत हेडलाइट लावायचे. ७००० लक्सच्या वर गेला, की बंद करायचे. मधल्या पट्ट्यात काय करायचं, ते गाडी बनवणाऱ्याने ठरवायचं. आता सकाळी नऊचं धुकं डोळ्यांसमोर आणा. दिसत काहीच नाही, पण उजेड भरपूर आहे. पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा. सेन्सर बिचारा उजेड मोजतो आणि म्हणतो, लख्ख दिवस आहे, दिवे कशाला? त्याला धुकं ओळखायला कुणी शिकवलेलंच नाही.

धुकं म्हटलं की आपल्या मनात रात्रीचं चित्र उभं राहतं. खरा दगा दिवसाचं धुकं देतं. ५ सप्टेंबर २०१३ ला इंग्लंडमधल्या शेपी क्रॉसिंग या पुलावर सकाळी सव्वासातच्या सुमारास, उजाडल्यानंतर, दाट धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आधी थांबलेली माणसं बाजूला उभी राहून मागून येणारे आवाज ऐकत होती. आदळण्याचे ते आवाज जवळजवळ दहा मिनिटं येत राहिले, असं त्यांनी नंतर सांगितलं. दिसत काहीच नव्हतं. नुसता एक दणका, मग शांतता, मग पुन्हा दणका.

(हाय बीम लागतो. पडदा पांढरा होतो.)

दुसऱ्या टोकाचा चालक हा. याला दिसत नाही, म्हणून तो आणखी उजेड मागतो. हाय बीम, काही जण ज्याला अप्पर म्हणतात. बघा काय झालं. होती तेवढी वाटही गेली.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. एकेक थेंब काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढा, फार तर काही डझन मायक्रॉनचा. डोळ्यांना सुटा दिसणार नाही, पण प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेला उजेड चहूकडे उधळतो. त्यातला थोडा उलटा आपल्याकडेच येतो. हाय बीमचा झोत नेमका आपल्या नजरेच्या रेषेत जातो, म्हणजे जिथे बघायचं त्याच हवेत आपण स्वतःच्या हाताने पडदा टांगतो. जितका दिवा जास्त, तितका पडदा जाड. लो बीम खाली झुकतो, म्हणून तो बरा. फॉग लॅम्प त्याहून बरा, कारण तो मुळात खाली बसवलेला असतो. नियमात त्याला जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या वर जागा नाही. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून सुरीने कापल्यासारखा. आपली नजर वरून जाते, उजेड खालून जातो, दोघांची गाठ रस्त्यावरच पडते. त्याला लांबचं दाखवता येत नाही. तो दाखवतो रस्त्याची कड आणि मधली पट्टी. तेवढ्यात भागेल इतकाच वेग ठेवायचा, हा त्यातला न बोललेला करार.

पिवळ्या दिव्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळे असत. पिवळा उजेड धुकं भेदतो, ही समजूत मात्र काही सुटत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात, की ते निळा, पिवळा, लाल असा फारसा भेदभाव करत नाहीत. सगळ्यांनाच सारखं उधळतात. पिवळा डोळ्यांना कमी बोचतो, इतकं म्हणता येईल. दिव्याचा रंग बदलण्यापेक्षा काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसली तर जास्त दिसेल, असं माझं मत आहे.

(मागच्या बाजूचं दृश्य. एका कोपऱ्यात एकच झगझगीत लाल दिवा.)

आता परत पाठीकडे येऊ. हा मागचा फॉग लॅम्प. सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात जास्त दुरुपयोग होणारा दिवा. आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या टेललाइटची तीव्रता किमान ४ कँडेला, ब्रेकलाइटची किमान ६०, आणि या दिव्याची किमान १५०. म्हणजे ब्रेकलाइटपेक्षाही हा भारी. धुक्यात शंभर-पन्नास मीटरवरून जीव वाचवतो तो याच ताकदीमुळे. पण धुकं विरल्यावर हाच दिवा मागच्याच्या डोळ्यांत सुई टोचल्यासारखा घुसतो. शिवाय तो इतका तळपतो, की शेजारचा ब्रेकलाइट लागला की नाही ते चटकन उमगत नाही. म्हणून तर या दोघांत किमान दहा सेंटिमीटर अंतर ठेवायची अट आहे.

ब्रिटनमध्ये ढोबळ नियम असा, की शंभर मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तरच हा दिवा लावायचा आणि दिसायला लागलं की बंद करायचा. जर्मनी त्याहून कडक. तिथे धुक्यामुळे पन्नास मीटरच्या आतच दिसत असेल तेव्हाच हा दिवा चालतो, आणि तेव्हा वेगही ताशी ५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. आता धावत्या गाडीतून पन्नास मीटर मोजायचे कसे? तिथे मोठ्या रस्त्यांच्या कडेला पांढरे खांब असतात, साधारण पन्नास-पन्नास मीटरवर. एका खांबापाशी असताना पुढचा खांब दिसत नसेल, तर दिवा लावा. दिसतोय, तर बंद करा. इतका साधा, इतका देखणा नियम मी दुसरा पाहिलेला नाही.

तरी लोक विसरतात. मीही विसरलोय. पाऊण तास लख्ख उन्हात मी तो दिवा तसाच पेटवून गेलो होतो. मागचा चालक डिपर मारत होता आणि मी मनात म्हणत होतो, काय घाई आहे याला! डॅशबोर्डवर एक बारीकशी पिवळी खूण होती. तिच्याकडे माझं लक्ष गेलं ते गाडी थांबवल्यावर.

(चारही इंडिकेटर लुकलुकत असलेली धावती गाडी.)

आणि हा तिसरा प्रकार. चारही इंडिकेटर चालू, गाडीही चालू. यामागचा हेतू चांगला असतो, म्हणून तो समजावणं जास्त अवघड जातं. चारही इंडिकेटरचा अर्थ आहे, मी अडून पडलोय, मला वळसा घाला. मागच्याने तो अर्थ खरा मानला तर तो करकचून ब्रेक मारेल किंवा लेन बदलेल. खोटा मानला, तर पुढे खरोखरच बंद पडलेली गाडी लागेल तेव्हाही तो खोटाच मानेल. शिवाय वळायचं कुठे, ते सांगायला आता याच्याकडे दिवाच उरला नाही. डावा-उजवा दोन्ही आधीच गुंतलेले. पुढे एकदम रहदारी तुंबली, मागच्याला इशारा द्यायचाय, तर क्षणभर लावा. मागच्याने वेग कमी केला की बंद करा.

(काळोखात एक लाल ठिपका. शेजारी दोन, एकमेकांपासून लांब.)

या दोनपैकी कुठली गाडी जवळ आहे?

दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत. २००१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी खोलीत कृत्रिम धुकं भरून माणसांना गाडीच्या मागच्या दिव्यांचं अंतर ओळखायला सांगितलं. धुक्यात ते अंतर सरासरी साठ टक्क्यांनी जास्त वाटलं. म्हणजे तीस मीटरवरची गाडी जवळजवळ पन्नास मीटरवर भासणार. दिवा एकच असेल तर चूक आणखी मोठी. दोन दिवे असले की त्यांच्यातल्या रुंदीवरून डोळा अंदाज बांधतो. एकच ठिपका असला की अंदाज बांधायला धागाच नाही.

धुक्यात सगळे जे करतात, ते इथे आठवा. पुढच्याचे लाल दिवे धरून त्याच्या मागे चालत राहतात. तो बघेल रस्ता, आपण त्याला बघू. दिवे पुसट झाले की वाटतं, तो लांब गेला. मग अॅक्सिलरेटर थोडा दाबला जातो. त्याला आरशात कुणीतरी अंगावर येताना दिसतं, मग तोही दाबतो. अशी आख्खी रांग एकमेकांना ढकलत राहते आणि सगळ्यात पुढच्याला तर काहीच दिसत नसतं.

धुक्यात वेगाचा अंदाजही चुकतो का? १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की चित्र पुसट केलं की माणसाला आपण हळू चाललोय असं वाटतं आणि तो वेग वाढवतो. हा निष्कर्ष बराच गाजला. पण त्यात सगळं चित्र सरसकट पुसट केलं होतं, मळक्या काचेतून दिसावं तसं. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी खऱ्या धुक्यासारखं केलं, जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट. तेव्हा उलट झालं, लोकांना आपण जोरात चाललोय असं वाटलं आणि त्यांनी वेग कमी केला. म्हणजे धुकं आपल्याला थोडं सावध करतं. पण पुरेसं नाही. शंभरवरून ऐंशीवर आलेला माणूस स्वतःला हळू समजतो, आणि दिसत असतात पन्नास मीटर.

(धुकट सकाळ. रहदारीपासून लांब, मोकळी जागा. एक गाडी उभी.)

हा प्रयोग आम्ही आमच्याच गाडीवर केला. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, बटण ऑटोवर. पुढे डीआरएल लागलेले. चालक उतरला आणि पावलं मोजत मागे निघाला. तिसाव्या पावलावर त्याने वळून बघितलं. चाळिसाव्यावर पुन्हा. पन्नासाव्यावर तो थोडा वेळ नुसता उभाच राहिला, कारण त्याला नेमकं कुठे बघायचं, तेच कळेना. इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

मग तो परत आला, बटण दोन घरं फिरवलं आणि पुन्हा पावलं मोजायला लागला.

(धुक्यात, एकमेकांपासून हातभर लांब, दोन लाल ठिपके.)