सेन्सरवरची काच काढताना

मंडळी, आज बोलायचंय कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागापुढच्या, लो-पास फिल्टर नावाच्या काचेबद्दल: ती काढावी का? स्लाइड नंतर. आधी हे दोन तुकडे बघा. जुन्या मच्छरदाणीचे आहेत, घरात विचारूनच कापलेत. एकावर दुसरा ठेवला आणि जरासा फिरवला, की हे असे मोठाले पट्टे लाटांसारखे सरकायला लागतात. मागच्या रांगेतही दिसत असतील. आता हे पट्टे कुठल्या तुकड्यात आहेत? एकातही नाहीत. दोन बारीक जाळ्या एकमेकींशी जुळेनात, म्हणून तिसरंच काहीतरी उमटलं. यालाच आपण मॉयरे म्हणतो. कॅमेऱ्यात यातली एक जाळी कायमची बसवलेली असते, पिक्सेलांची. दुसरी नवरदेवाच्या बारीक रेघांच्या सुटात असते, नाहीतर इरकलीच्या चौकड्यात.

‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढू’ असं सगळेच म्हणतात. रंगाचे डाग बऱ्यापैकी जातातही. खोट्या रेघा मात्र चिवट. का, ते घड्याळावरून सांगतो. भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा झाका आणि मिनिटकाटा दर ५५ मिनिटांनी एकदाच बघा. प्रत्येक वेळी तो ५ मिनिटं मागे आलेला दिसेल. काटा उलटा फिरतोय, असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल. तुमची प्रत्येक नोंद बरोबर, तरी निष्कर्ष चूक. आणि ती चूक पकडता येईल असं त्या नोंदींत काहीच नाही. पिक्सेलही असेच ठरावीक अंतराने बघतात. म्हणजे जो काही इलाज करायचा तो नोंद व्हायच्या आधी, प्रकाश सेन्सरवर पडायच्या आधी.

त्यात रंगाची भानगड वेगळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रंगीत जाळीचं पेटंट मिळालं, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. लाल पिक्सेल एकाआड एक, तेही एकाआड एक ओळीत. म्हणजे लाल आणि निळ्याची जाळी दुपटीने जाड. म्हणून काळ्या-पांढऱ्या रेघांच्या शर्टावर आधी मोरपंखी-गुलाबी झाक येते.

मग इलाज काय? हा स्फटिक बघा. कॅल्साइट. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांतही सापडतो. वर्तमानपत्रावर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. लो-पास फिल्टरमध्ये हेच काम अगदी हलक्या हाताने केलेलं असतं, क्वार्ट्झ किंवा लिथियम नायोबेटच्या पातळ थराने. पहिला थर किरण आडवा दुभागतो, दुसरा उभा, मध्ये ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, बदलणारा एक थर. एका बिंदूचे चार होतात, एकमेकांपासून साधारण एका पिक्सेलच्या अंतरावर. पिक्सेलाला न झेपणारा बारीकपणा आधीच पुसून टाकायचा. कंपन्यांनी मुद्दाम घातलेला धूसरपणा आहे हा, आणि लोकांना खटकतो तो नेमका हाच.

२०१२ मध्ये निकॉनने ३६ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे आणले, डी८०० आणि डी८००ई. ‘ई’ला फिल्टरचा परिणाम नाही आणि किंमत ३०० डॉलर जास्त. काच काढली तर स्वस्त व्हायला हवा, नाही का? पण काच काढलीच नव्हती. पहिल्या थराने फोडलेला किरण मागचा थर परत जोडत होता! पुढे २०१४ च्या डी८१० मध्ये फिल्टर खरोखरच गेला. पेंटॅक्सचं डोकं आणखी वेगळं चाललं: २०१३ च्या के-३ मध्ये फिल्टर नाही, पण हवं तेव्हा फोटो घेताना सेन्सर किंचित थरथरवायचा. आपण आयुष्यभर कॅमेरा हलू नये म्हणून धडपडतो, आणि हे मुद्दाम हलवणार.

काच काढली तर काय बिघडतं, हे मला माझ्याच हातून शिकायला मिळालं. ती काढायला एक जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, उघडला. बॅटरी काढली म्हणजे झालं, असं कोणी समजू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दबा धरून बसलेले असतात. त्यातून वाचलो. स्क्रू प्रत्येक टप्प्याला वेगळ्या वाटीत ठेवले, रिबन केबल शाबूत, सगळं परत बसलं. हाताने फोकस करायची जुनी ५० मिलिमीटरची लेन्स लावली, अनंताच्या, म्हणजे अगदी दूरच्या फोकसच्या, खुणेपर्यंत फिरवली. हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या कॅलेंडरवरच्या तिथीसुद्धा खणखणीत! बायकोला बोलावून दाखवलं. रात्री गच्चीवर गेलो तर प्रत्येक तारा बुंदीएवढा.

झालं होतं असं. काच किरणांचा संगम मागे ढकलते, जाडीच्या साधारण एक तृतीयांश. मी काढलेली काच दीड मिलिमीटर, म्हणजे प्रतिमा आता सेन्सरच्या अर्धा मिलिमीटर पुढे बनायला लागली. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? ५० च्या लेन्सला तेवढ्याने अनंत पाच मीटरवर येतो. माझा हॉल पाच मीटरचा आहे. म्हणून काढलेल्या फिल्टरच्या जागी तेवढाच परिणाम देणारी साधी काच बसवायची, नाहीतर सेन्सर तितका पुढे घ्यायचा. डीएसएलआरचा ऑटोफोकस तर आरशातून वेगळ्याच वाटेने बघतो, त्याला सेन्सरपुढची काच गेल्याचा पत्ताच नसतो.

आणि त्या काचेबरोबर बहुधा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा लालपलीकडचा प्रकाश, अडवणारा थरही जातो. २००६ च्या लायका एम८ मध्ये तो पातळ ठेवला होता, तर काळे कृत्रिम कपडे जांभळट यायला लागले. शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन-दोन फिल्टर फुकट दिले.

पण आकाश टिपणाऱ्यांना यातच फायदा आहे. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला लाल चमकतो, आणि नेहमीचा फिल्टर नेमका तिथला बराचसा प्रकाश खातो. कॅननचा २००५ चा २०डीए, निकॉनचा २०१५ चा डी८१०ए, हे कॅमेरे त्यासाठीच बनवले. माझ्या मते घरी कॅमेरा उघडायला हे एकच सबळ कारण आहे. दुर्बिणीला लावला तर फोकसही सरकवून घेता येतो.

मघाशी एकाने विचारलं, लग्नाची कामं करतो, फोटोला धार यावी म्हणून फिल्टर काढू का? तुम्ही ग्रुप फोटो लेन्सचं छिद्र लहान करून, एफ ८ वर काढता ना? (एफचा आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान.) तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश फाकतो त्यामुळे, एक बिंदू जवळजवळ ११ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) पसरतो, एफ ११ ला १५. डी८०० चा पिक्सेल ४.९ चा. म्हणजे तुमचं छिद्रच फिल्टरचं बरंचसं काम करतंय. धार मिळेल ती एफ ४-५.६ ला, उत्तम लेन्सला, ट्रायपॉडवर. आणि नेमकी तिथेच वधूच्या मामांच्या शर्टावर मोरपंखी लाटा येतील. तुम्ही नका काढू.

माझी ती काढलेली काच या डबीत आहे. बाजूने निळसर दिसते. चहाच्या वेळी बघून घ्या, पण कडेने धरा, बोटं उमटतात.