ताबेगहाण वऱ्हाड

(दृश्य: सकाळ. काळं वावर, उभी पऱ्हाटी, मागं गाविलगडाचे डोंगर.)

वावर गहाण पडलं की काय होतं, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. साध्या गहाणात निदान वावर आपण वाहतो. ताबेगहाणात नाव आपलं आणि पीक सावकाराचं. पण नद्या-डोंगर-बाजारांसकट अख्खा मुलूखच ताबेगहाण पडल्याचं ऐकलंय कधी?

तुम्ही आत्ता पाहताय तो हाच मुलूख. वऱ्हाड.

उत्तरेला मेळघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचं बालाघाटाचं पठार, आणि दोहोंच्या मधे पूर्णेचं सपाट खोरं, पयनघाट. पूर्वेची शीव म्हणजे वर्धा नदी. पूर्णा पश्चिमेकडं जाऊन तापीला मिळते, वर्धेचं पाणी गोदावरीकडं जातं. म्हणजे वऱ्हाडातला पाऊस थोडा अरबी समुद्राला जातो, थोडा बंगालच्या उपसागराला.

पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. इथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात घेववत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते. मग पिकायचं काय? ही काळी माती पावसाचं पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते. तेवढ्यावर कापूस येतो. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते या मातीच्या जोरावर.

(दृश्य: गाविलगडाचा बुरूज.)

या सोन्यावर डोळा सगळ्यांचाच. निजाम आणि नागपूरकर भोसले दोघंही इथून वसुली करायचे, रयत दोघांनाही द्यायची. मग १८०३ साल आलं. २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांत देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. त्याची तालीम आमच्या अडगावात झाली, असं म्हणायला हरकत नाही.

वऱ्हाड निजामाच्या पदरात पडलं. पण देणारा इंग्रज हिशेब ठेवून होता.

हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा. तिची एक छावणी अचलपूरला होती, आजचं परतवाडा तिथूनच वाढलं. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना. पगार थकले, ते ईस्ट इंडिया कंपनीनं भरले आणि निजामाच्या खात्यावर लिहिले. असं करत कर्ज पन्नास लाखांच्या आसपास गेलं. २१ मे १८५३ ला रेसिडेंट कर्नल लो यानं तहावर सही घेतली. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब कंपनीच्या ताब्यात. मालक निजाम, वसुली कंपनीची, उरलेली शिल्लक निजामाला परत. कागदावर चोख व्यवहार.

पुढचा भाग नीट ऐका. १८६० ला नवा तह झाला. सत्तावनच्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला होता, त्याचं बक्षीस म्हणून पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव परत, रायचूर परत. वऱ्हाड? ते राहिलं. वर निजामानं जमाखर्चाचा हिशेब मागायचा नाही, हेही ठरलं. कर्ज फिटलं, तरी वावर सावकाराच्याच ताब्यात. दिवाण सालारजंग पुढं वऱ्हाड परत मागत राहिले. मिळालं नाही.

का मिळालं नाही, ते कापसात बघा. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडं वळली. १८६७ ला रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरला पोचली. खामगावच्या बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा काढला, अमरावतीसाठी बडनेऱ्याहून. गावोगाव कापसाची सरकी काढून गाठी बांधणारे जिन-प्रेस उभे राहिले.

आणि आणखी एक गोष्ट झाली. वर्धेच्या पलीकडं इंग्रजांनी मालगुजार ठेवले, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनमालक. अलीकडं वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर मोजणी करून जमीन थेट खातेदाराच्या नावावर लावली. ऐकायला चांगलं वाटतं, आणि काही अंशी चांगलं होतंही. पण नावावर लागलेली जमीन विकता येते, गहाणही टाकता येते. ज्यांनी मुलूख गहाण ठेवून घेतला, त्यांच्याच काळात वावरं गहाण पडायची वाट सोपी झाली.

१९०२ ला लॉर्ड कर्झननं निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. गहाण संपलं आणि मक्ता सुरू झाला, कायमचा, सालाचे पंचवीस लाख. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. ज्या कंटिंजंटसाठी एवढं सगळं, ती फौज हिंदी सैन्यात विरघळून गेली. उस्मान अली खान यांनी १९२३ ला पुन्हा मागणी केली, तीही व्हाइसरॉय रीडिंगनं १९२६ ला फेटाळली. १९३६ ला फक्त किताब मिळाले. निजाम 'हैदराबाद आणि बेरारचे' (बेरार म्हणजे वऱ्हाडच), युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार'. सातबाऱ्यावर नाव राहावं, तसं.

(दृश्य: शकुंतलेचे अरुंद रूळ, मधे वाढलेल्या बाभळी.)

यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर. ही शकुंतला, अरुंद रुळांवरची आगगाडी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत हिला ओढत होतं. देशभरच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हे रूळ मात्र खासगी कंपनीचेच राहिले, आणि स्वातंत्र्यानंतरही रेल्वे त्या कंपनीला त्यांचा मोबदला देत राहिली.

माझे आबा बनोशाच्या ठेशनावर हिच्यात बसायचे, अचलपूरच्या बाजाराला जायला. तिकिटाचं विचारलं की म्हणायचे, "काऊन बापा, आपल्याच कापसावर चालली न हे गाडी?"