कुलूप लावण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

दहावी-बारावीची प्रात्यक्षिकं केव्हाच आटोपली. आता खालच्या वर्गांच्या परीक्षा होतील आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शाळाशाळांच्या प्रयोगशाळांना कुलूप लागेल. ते निघेल थेट जूनच्या मध्यावर. मधल्या काळात त्या बंद खोलीत काय होतं, याबद्दल आज मला बोलायचं आहे. प्रयोगशाळेतली सुरक्षितता म्हटली की आपण मुलांना सूचना देतो. त्या द्यायलाच हव्यात, आणि त्यांच्याकडे मी येणार आहे. पण आपल्या खान्देशात धोका तयार होतो तो बहुतेक वेळा मुलं खोलीत नसताना. त्याचं कारण आपला उन्हाळा.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात 'सामान्य तापमानाला' असं लिहिलेलं असतं, तेव्हा साधारण २५ अंश सेल्सिअस धरलेले असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात वर पत्रे किंवा दिवसभर तापलेला स्लॅब, खिडक्या बंद, पंखा बंद. पुस्तकात निरुपद्रवी वाटणाऱ्या बाटल्या या खोलीत तशा राहत नाहीत.

पहिली बाटली पिवळ्या फॉस्फरसची. जुन्या हायस्कुलांच्या कपाटात मागच्या रांगेत ती अजून सापडते. मेणासारख्या कांड्या, वर पाणी. पाणी अशासाठी, की हा फॉस्फरस हवेत साधारण ३० ते ३५ अंशांनाच आपोआप पेट घेतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात त्याला काडी लावायला कुणी लागत नाही, बाटलीतलं पाणी आटलं की पुरे. शिवाय तो जहाल विषारी आहे आणि त्वचेवर खोल भाजतो. शाळेत आज त्याचं कामच नाही. पण म्हणून तो उचलून उकिरड्यावर किंवा मोरीत टाकू नका. शिक्षकांनी स्वतः हातमोजे घालून पाण्याची पातळी भरून घ्यावी, बाटली लाकडी फळीवरून काढून वाळूच्या ट्रेमध्ये उभी करावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी बोलून तिची रीतसर विल्हेवाट लावावी.

त्याच्या शेजारी बऱ्याचदा सोडियम ठेवलेला असतो, आणि ही जोडी मला सगळ्यात भीतिदायक वाटते. एकाला पाणी हवंच, दुसऱ्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. सोडियम रॉकेलात बुडवून ठेवतात. उन्हाळ्यात रॉकेल हळूहळू उडतं, तुकडे उघडे पडतात, त्यांच्यावर पांढरट थर चढतो. आता रॉकेल गावात सहजी मिळत नाही. तेव्हा लिक्विड पॅराफिन आणून ठेवा, पण 'तूर्त पाणी घालू' असा विचार कुणाच्या मनात येता कामा नये. दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवूच नका. सोडियम पेटला तर त्यावर फक्त कोरडी वाळू.

तिसरी बाटली अमोनियाची. तीव्र अमोनियाचं २५ टक्के द्रावण ३८ अंशांच्या आसपास उकळू लागतं. तेवढं तापमान आपल्याकडे एप्रिलमध्येच होतं. बूच घट्ट असेल तर आत वायूचा दाब साठत जातो, आणि जूनमध्ये कुणी बाटली तोंडासमोर धरून बूच फिरवलं की वाफेचा झोत थेट डोळ्यांत जातो. ही बाटली सकाळच्या गारव्यात, आधी थंड पाण्याच्या बादलीत ठेवून, बुचावर ओलं फडकं टाकून, तोंड बाजूला वळवून, उघड्या खिडकीशी हळूहळू उघडायची. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही उष्णतेने विघटन होतं आणि आत ऑक्सिजन साठतो. त्याच्या बाटलीलाही हीच काळजी घ्यावी.

आणि स्पिरिट. त्याची पेटू शकणारी वाफ १५ अंशांच्या आसपासच तयार होऊ लागते. एवढी थंडी आपल्याकडे पौषातल्या पहाटेच असते. बाकी सगळं वर्ष स्पिरिटची बाटली उघडली की वाफ हवेत आहेच, असं समजून चालायचं. म्हणून पेटत्या दिव्यात स्पिरिट भरायचं नाही, विझवल्यावर दिवा पुरता गार होऊ द्यायचा, आणि एका दिव्यावर दुसरा दिवा पेटवायचा नाही. भर दुपारी उजेडात स्पिरिटची ज्योत नीट दिसतही नाही. दिवा विझलाय असं समजून मूल हात पुढे करतं आणि भाजतं. दिवा फुंकून नाही, टोपण ठेवून विझवायचा.

जूनमध्ये खोली उघडाल तेव्हा आधी शिक्षक आणि परिचर दोघांनीच आत जावं. मुलांना बाहेर थांबवावं. दारं-खिडक्या सताड उघडून अर्धा तास वारा खेळू द्यावा. वास येत असेल तर तोवर दिव्याचं बटणही दाबू नये. कपाशीवर फवारणी करताना आपला शेतकरी आधी वारा कुठून येतो ते पाहतो, तसं आत शिरताना पाहावं. परिचरांना पोरं नाना, आप्पा म्हणतात आणि बाटल्यांची सगळी उचलठेव तेच करतात. पण हातमोजे आणि चष्मा द्यायची वेळ आली की त्यांचं नाव शेवटी येतं. हे मला मुळीच मान्य नाही. सगळ्यात जास्त वेळ रसायनांजवळ तेच असतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. खोल्या कमी पडतात म्हणून पोषण आहाराचे तांदळाचे कट्टे, डाळ, तेलाचे डबे कित्येक ठिकाणी प्रयोगशाळेत ठेवले जातात. मुख्याध्यापकांची अडचण मी समजू शकतो, पण हे बंद झालंच पाहिजे. जिथे पारा सांडलेला असू शकतो, तिथे मुलांचं अन्न नको. तुटलेल्या तापमापीतला पारा केरसुणीने झाडला तर त्याचे बारीक थेंब होऊन फटींत जातात, आणि उन्हाळ्यात त्याची वाफ जास्तच होते. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता मुलांनो, तुमच्याकडे येतो. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या पावणेदोनपटीहूनही जास्त जड असतं. ॲसिडमध्ये पाणी ओतलंत तर पाणी वरच तरंगतं, तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिडसकट अंगावर उडतं. म्हणून पाण्यात ॲसिड घालायचं, हळूहळू, ढवळत, आणि तेही बाईंच्या किंवा सरांच्या देखत. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड स्वतःकडे नको, शेजारच्याकडेही नको. वास घ्यायचा तर नाक नळीवर न्यायचं नाही, हाताने वारा घालून थोडासा वास नाकाकडे आणायचा. सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडबाबत तर विशेष जपा. तो वायू वाढला की नाकाची त्याचा वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजू नका. पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी फुगा वापरा. चपला घालून प्रात्यक्षिकाला येऊ नका. वेणी बांधलेली, ओढणी खोचलेली हवी. टेरिकॉटचा गणवेश आगीत वितळून कातडीला चिकटतो, म्हणून वर सुती ॲप्रन घाला.

डोळ्यांचा चष्मा कुणाला ओझं वाटत असेल तर एक खरी हकीकत सांगतो. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही हे मोठे रसायनशास्त्रज्ञ नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा प्रयोग करत होते. स्फोट झाला आणि काचेचा तुकडा डोळ्यात गेला. लिहिता येईना म्हणून त्यांनी काही दिवस एका पोरसवदा तरुणाला लेखनिक म्हणून घेतलं. तो मायकेल फॅरडे. पुढच्या वर्षी दोघे मिळून त्याच पदार्थावर काम करू लागले तेव्हा त्यांनी तोंडावर काचेचे मुखवटे लावले. दुसरा स्फोट झालाच, फॅरडेंच्या हाताला लागलंही, पण चेहरा आणि डोळे वाचले.

ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अंगावर पडला तर पाणी, लगेच, आणि सलग २० मिनिटं. खाण्याचा सोडा चोळायचा नाही. भाजल्यावर हळद, शाई, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, दुखरा डोळा खालच्या बाजूला ठेवून, बारीक धारेने धुवायचं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी १०८ ला फोन करायचा. डोळ्याच्या बाबतीत कॉस्टिक सोडा ॲसिडपेक्षाही वाईट, तो आत आत मुरत जातो.

इथे आपली खरी अडचण येते, ती पाण्याची. आपल्याकडे कित्येक गावांत नळाला दिवसाआड, कुठे त्याहूनही उशिरा पाणी येतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. मिनिटाला तीन लिटर धार धरली तर २० मिनिटांना ६० लिटर लागतात. म्हणून प्रयोगशाळेतच, सावलीत, स्टँडवर, तोटी असलेला दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवा. ते पाणी रोज बघा आणि प्यायला वापरू नका. ज्या दिवशी ड्रम रिकामा, त्या दिवशी प्रयोग नाही, एवढा कडक नियम करा. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, तेव्हा प्रात्यक्षिकं पहिल्या तासांना घ्या. दुपारी गरमीने पंखा लावावा लागतो, आणि पंख्याने ज्योत वाकून शेजारच्या वहीपर्यंत जाते.

धडगाव, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतल्या गुरुजींना एक विनंती. तुमच्या मुलांची घरची भाषा पावरी, भिली. भिंतीवरचा छापील तक्ता त्यांच्यासाठी पुरेसा नाही. वर्गातल्याच एखाद्या मोठ्या मुलीला धोक्याच्या चार गोष्टी सगळ्यांसमोर तिच्या बोलीत सांगायला लावा. प्रत्येकाकडून एकेकदा ड्रमची तोटी सोडून डोळा धुण्याची तालीम करून घ्या, खोटीखोटी का होईना.

आणि पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक सुट्टीआधी होणार असेल तर दोन प्रश्न विचारा. फॉस्फरसची बाटली आहे का, आणि ती मे महिन्यात कोण बघणार? सुट्टीतही दर आठवड्याला कुणीतरी कुलूप उघडून पाणी, रॉकेल आणि बुचं तपासायला हवीत. त्या माणसाचं नाव बैठकीतच ठरवून नोंदवहीत लिहून घ्या.

नमस्कार.