हळदीच्या पाकिटावर नेमकं लिहायचं काय?

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे चाललेत, पोती फोडून हळकुंडं ओतलीत, जिकडं बघाल तिकडं पिवळं. पण इथं फक्त सांगली जिल्ह्यातलीच हळद येते असं समजू नका बरं का, नांदेड-हिंगोलीकडची येते, कर्नाटकातनं येते, आणि इथनं बाहेर गेली की लोक सगळीलाच सांगलीची हळद म्हणतात. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन, माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख) मिळाला खरा, पण तो टॅग पाकिटावर छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं गाव सांगली असून भागत नाही.

आता हे पाकीट बघा. वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं, पहिलं डिझाइन. शुद्ध, अस्सल, नैसर्गिक, पारंपरिक, आरोग्याचा खजिना... आणि मागं चक्क बर्फाचा डोंगर, तो वाळव्यात कुठनं आला ते डिझाइनवाल्यालाच ठाऊक. नाव झाकून वाचलं तर कुठल्याही ब्रँडचं वाटेल. शिवाय 'शुद्ध', 'नैसर्गिक' असल्या शब्दांना एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, 2018 च्या नियमांत अटी आहेत, अमका रोग बरा होतो असं तर छापताच येत नाही.

आणि हेच प्रदर्शनात गिऱ्हाईकानं विचारलं, "रंग नाही ना घातलेला?" की ताई काय म्हणतात, "अवो आमच्याच रानातली हाय, आमीच शिजवली, वाळवली, गेल्या म्हैन्यात दळलीया." संपलं, माणूस पाकीट उचलतो. ब्रँड मेसेज ब्रँड मेसेज म्हणतात तो हाच की!

म्हणून नव्या पाकिटावर एवढंच, कुठल्या गावच्या रानातली, शिजवली कुणी, दळली कधी. व्हॉट्सॲप स्टेटसला तेच, ऑर्डर घेणाऱ्या भाच्याकडनंही तेच पाठ करून घेतलंय, नाहीतर तो फोनवर काय वाट्टेल ते सांगतो.

पण ह्यातली खरी गोची पुढं येते. हळद निघते जानेवारी ते मार्चच्या आसपास, दिवाळीला माल संपला, ऑर्डरी मात्र चालूच. दीर म्हणाले, "यार्डातनं चार पोती आणून भरू, कुणाला कळतंय?" कळणार नाही कदाचित, पण मग 'आमच्या रानातली' ही ओळ काढायला लागणार, आणि ती काढली तर दुकानातल्या पाकिटापेक्षा चार पैसे जास्त कशाचे घ्यायचे?

सध्या ऑर्डर बंद. "नवी हळद शिमग्यानंतर" असा मेसेज सगळ्यांना गेलाय, काही गिऱ्हाईकं वैतागली, काहींनी आत्ताच नावं लिहून ठेवलीत, दीर मात्र अजून फुगलेलेच आहेत.