अर्ज टेबलावर का अडतो?

[दृश्य: कार्यालयातली खिडकी, बाहेर रांग, आत अर्जांचे गठ्ठे]

नळजोडणीचा अर्ज. कागदपत्रं जोडलेली, शुल्क भरलेलं. तरी अर्ज पडून आहे. आपण लगेच म्हणतो, कर्मचारी कामचुकार. काही वेळा ते खरंही असतं. पण त्याच कार्यालयात, त्याच पगारावर एका टेबलावरचं काम रोजच्या रोज संपतं आणि शेजारी गठ्ठे वाढत जातात. एवढा फरक केवळ स्वभावामुळे पडत नाही.

मेल्विन ब्लुमबर्ग आणि चार्ल्स प्रिंगल या अभ्यासकांनी १९८२ मध्ये मांडलं, की चांगल्या कामासाठी कुवत हवी, इच्छा हवी आणि संधीही हवी. संधी म्हणजे बढती नव्हे. हाताशी साधनं आहेत का, माहिती वेळेवर मिळते का, वरिष्ठ आणि सहकारी साथ देतात का, हे सगळं त्यात येतं.

स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहते ती हीच तिसरी गोष्ट, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: रिकामी खुर्ची, जुनी नोंदवही]

जागेची पाहणी करणाऱ्याचं पद रिक्त. त्याचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे, आणि तो आधीच दोन विभाग सांभाळतोय. अर्ज ऑनलाइन आला, पण मिळकतीची जुनी नोंद अजून वहीतच. सहीचा अधिकार साहेबांना, साहेब बैठकीत. खिडकीवरच्या लिपिकाच्या हातात यातलं काहीच नसतं. लोकांचा राग मात्र त्यालाच झेलावा लागतो.

अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये अशाच, नागरिकांशी थेट गाठ पडणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी लिहिलं. मागणी कायम साधनांपेक्षा जास्त, म्हणून ही माणसं आपापल्या पळवाटा शोधतात. सोपी प्रकरणं आधी हातावेगळी करतात, किचकट मागे ठेवतात. बाहेरून तो आळस दिसतो.

मग पगाराचं काय? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये म्हटलं, की अपुरा पगार माणसाला नाराज करतो, पण पुरेसा पगार आपोआप उमेद देत नाही. ती येते जबाबदारीतून, कामाची दखल घेतली गेली की. नाराजीची कारणं वेगळी आणि उमेदीची वेगळी, या विभागणीवर पुढे अनेकांनी आक्षेप घेतले. आणि कंत्राटी कामगाराचा पगारच थकला असेल, तर त्याला उमेदीवर व्याख्यान देणं हा अन्यायच.

[दृश्य: मासिक आढावा बैठक]

राहिला वरिष्ठांचा भाग. चांगला अधिकारी आधी काय करायचं ते स्पष्ट सांगतो, आणि नियमाबाहेरच्या कामासाठी दबाव आला तर कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. पण आढाव्यात बहुधा एकच आकडा विचारला जातो: किती अर्ज निकाली? ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत पाठवलेला अर्जही त्यात धरला जाऊ शकतो. त्यापेक्षा पहिल्या अर्जापासून काम पूर्ण होईपर्यंत किती दिवस गेले हे टेबलागणिक मोजावं. अडथळा माणसात आहे की रिक्त जागेत, हे त्याच नोंदीतून कळू लागेल.