मेटलचा स्क्रीम आणि शाबूत गळा

(दृश्य : जॅमरूम. भिंतींना फोम, कोपऱ्यात ड्रम. गायिका माइकसमोर. एक लांब, खरखरीत स्क्रीम.)

मेटल या कर्कश रॉक संगीतातली ही खरखरीत किंचाळी म्हणजे स्क्रीम. ती ऐकताना आपला हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे जातो. आता माइक बंद करून तोच स्क्रीम ऐकू.

(माइक बंद. तोच स्क्रीम पुन्हा.)

जेवताना कुणी जरा चढ्या आवाजात बोलावं, एवढाच. बाकीचा राक्षस स्पीकरमधून येतो. नवशिक्याची गल्लत नेमकी इथे होते. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला आवाज तो छातीच्या जोरावर काढायला जातो, म्हणजे ओरडतो. पंधरा मिनिटांत घसा बसतो आणि त्याला वाटतं, आपला गळाच या कामाचा नाही.

(दृश्य : दुर्बिणीतून दिसणारं स्वरयंत्र. दोन पांढऱ्या पट्ट्या उघडतात, मिटतात.)

जिवंत माणसाचे गाते स्वरतंतू १८५४ साली मानुएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच घशात पाहिले. आज नाकातून बारीक दुर्बीण घालून तेच पडद्यावर दिसतं. या पांढऱ्या पट्ट्या पुरुषात साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, बाईत त्याहून आखूड. बासमतीचे दोन-तीन दाणे एकापुढे एक ठेवा, झाली लांबी. काळी पाचचा मध्य षड्ज लावणाऱ्या गायिकेचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २३३ वेळा एकमेकांना भिडतात. मिनिटाला जवळपास चौदा हजार वेळा. त्यांच्या पातळ त्वचेखाली जेलीसारखा मऊ थर असतो. तो हलतो म्हणून आवाजाला गोडवा आणि लवचीकपणा येतो. जोराने ओरडलं की तोच थर सुजतो, पट्टी जड होते, आवाज घोगरा होतो आणि वरचे सूर हातातून जातात. महिनोन् महिने असंच चाललं तर दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर गाठी धरतात. धक्का सर्वांत जास्त बसतो ती जागा तीच.

आता या पट्ट्यांच्या थोडं वर बघा. दोन्ही बाजूंना गुलाबी, गुबगुबीत घड्या आहेत. हे मिथ्या स्वरतंतू, मेटलवाल्यांच्या बोलीत फॉल्स कॉर्ड. भरलेला गॅस सिलिंडर उचलताना घशात कुलूप लागल्यासारखं होतं ना, ते लावण्यात यांचा मोठा हात. सुरेल गाण्यात त्या बाजूला राहतात. स्क्रीममध्ये त्या जवळ येतात, हवेच्या झोताने थरथरतात आणि खरखर निर्माण करतात, तीही खालच्या पट्ट्या एकमेकींवर न आपटता. हा काही मेटलचा शोध नाही. मंगोलियाच्या सीमेला लागून असलेल्या तुवा प्रांतात कार्गिरा नावाची गायकी आहे. तिथे मिथ्या स्वरतंतू खऱ्यांच्या दर दोन कंपनांमागे एकदा कंप पावतात, म्हणून मूळ सुराच्या एक सप्तक खालचा खर्ज ऐकू येतो.

(दृश्य : गायिका उभी, दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर.)

सुरुवात श्वासापासून. चार मोजत नाकाने श्वास घ्या. हाताखाली बरगड्या बाजूंना फुलल्या पाहिजेत, खांदे जागचे हलता कामा नयेत. मग दातांमधून ‘स्स्’ करत वीस सेकंद हवा सोडा आणि तेवढा वेळ बरगड्या फुललेल्याच ठेवायचा प्रयत्न करा. आवाज शेवटपर्यंत एकसारखा हवा. शेवटच्या पाच सेकंदांत पोट आत ढकलावं लागत असेल तर आधी पंधरावर या. दमसास तयार नसेल तर स्क्रीमच्या शेवटी हवा संपते आणि गळा स्वतःहून आवळला जातो. ओळीच्या शेवटी गळा दुखावतो, तो अनेकदा यामुळेच.

(दृश्य : अर्धी भरलेली पाण्याची बाटली, त्यात स्ट्रॉ. बुडबुड्यांचा क्लोजअप.)

हा व्यायाम पोरखेळ वाटतो, पण यासारखा दुसरा नाही. साधी स्ट्रॉ पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. ओठ घट्ट मिटून तिच्यातून ‘ऊ’ गा. सा पासून प पर्यंत घसरत जा, परत या. नाकातून हवा जायला नको. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते थांबले तर गळा दाबला जातोय, उसळले तर हवा जास्त जातेय. स्ट्रॉच्या अरुंद तोंडामुळे हवेचा थोडा दाब उलट मागे येतो आणि स्वरतंतूंना वरून उशीसारखा आधार देतो, त्यामुळे ते हलके भिडतात. गाण्याआधी पाच मिनिटं, गाण्यानंतर पाच. खर्जाचा रियाज करत असाल तर तो यानंतर, अगदी मंद आवाजात.

मग स्क्रीम. आरशावर वाफ धरतो तसा ‘हाऽऽ’ सोडा, आवाजाशिवाय. हवा चालू असतानाच सिलिंडर उचलतानाचं ते कुलूप अर्धंच लावा. हवा अडखळेल आणि खरखर सुरू होईल. पहिल्या आठवड्यात ती मांजराच्या गुरगुरीएवढी आली तरी भरपूर झालं. तीन सेकंद धरा, सोडा, दोन श्वास विश्रांती. एका बैठकीत पाच मिनिटं, दिवसभरात दोनच बैठका. आवाज वाढवायची घाई अजिबात नको. रंग तोंडाने बदलतो : ओठ गोल करून ‘ओ’ म्हटलं की खालचा, गुरगुरणारा ग्राउल, जीभ पुढे उचलून ‘ए’ किंवा ‘ई’ म्हटलं की वरचा, धारदार स्क्रीम.

दुसरी वाट फ्रायची. सकाळी उठल्याउठल्या किंवा वाक्याच्या शेवटी आवाज करकरत खाली पडतो, दाराच्या बिजागरीसारखा. ती करकर हळू पकडून वर न्यायची. इथे खऱ्या पट्ट्या कामात असतात, म्हणून हवा अगदी थोडी लागते. फॉल्स कॉर्डची हवा फ्रायमध्ये घातली की लगेच खोकला येतो. प्रत्येकाच्या गळ्यात या दोन्हींचं मिश्रण थोडं वेगळं बसतं, त्यामुळे मित्राची नक्कल करण्यापेक्षा आपली जागा शोधावी.

(दृश्य : डफ, तुणतुणं, शाहीर. तार सप्तकातली ललकारी.)

स्वच्छ, मोठा आवाज हवा असेल तेव्हा बघायचं ते शाहिराकडे. पोवाडा माइक येण्याच्या कितीतरी आधीपासून उघड्या मैदानात गायला जातो. ती ललकारी निव्वळ जोराची नसते. स्वरतंतूंच्या लगेच वरची पोकळी अरुंद होते आणि आवाजाला सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास धार चढते. माणसाच्या कानाला तिथलंच सर्वांत तीव्रतेने ऐकू येतं. पातळ, टोकदार ‘नॅ नॅ नॅ’ म्हणत ती जागा सापडते. मेटलमध्ये स्क्रीमनंतर लगेच सुरेल ओळ येते, तेव्हा हीच धार उपयोगी पडते.

(दृश्य : पुन्हा जॅमरूम. बँड पूर्ण आवाजात.)

मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन हा मेटल बँड २००० साली सुरू झाला, पुढे भयानक मौतसारखे बँड आले. अशा संगीताची तालीम होते बंद खोलीत, ड्रमच्या हातभर अंतरावर. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि त्याला ते कळतही नाही. यावर उपाय साधे आहेत. मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आधी गायकाचा आवाज, मग गिटार. ओठ आणि माइकमध्ये दोन-तीन सेंटिमीटर. माइकची जाळी मुठीत धरू नका. दिसायला ऐटबाज दिसतं, पण आवाज दबतो, शिट्टी वाजते, आणि मग गायक आणखी ओरडतो. कार्यक्रमानंतर त्याच गोंगाटात मित्रांशी तासभर मोठ्याने बोलणं अनेकदा स्टेजवरच्या गाण्यापेक्षा जास्त महागात पडतं.

प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. म्हणून स्टेजवर बाटली रिकामी करण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं पीत राहा. कोरड वाटली तर वाफ घ्या. घसा खाकरू नका, त्यात पट्ट्या एकमेकींवर घासतात. आवंढा गिळा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाऊ नये, कारण दुखणं ही थांबायची खूण असते आणि गोळी तीच पुसून टाकते. रात्री अकराला मिसळ खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

स्क्रीम करताना किंचित गुदगुल्या झाल्या तर हवा कमी करा. टोचलं, जबड्याखाली ताण आला, मानेच्या शिरा तटतटल्या, तर तिथेच थांबा. गाता गाता आवाज अचानक गेला तर एकही शब्द न बोलता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तोवर अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, त्याने रक्त वाहायला मदत होते. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर स्ट्रोबोस्कोपी करून घ्या. या तपासणीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे कंपनं सावकाश झाल्यासारखी दिसतात आणि छोटी सूजही लपत नाही.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. गायिका खिडकीशी, डोळे मिटून.)

रोजची चाचणी अर्ध्या मिनिटाची. पाळण्याची एखादी ओळ घ्या, नेहमीपेक्षा बरीच वरच्या पट्टीत, शेजारी झोपलेलं बाळ उठणार नाही इतक्या हळू गा. मोठ्याने गाताना सूज झाकली जाते, हळू गाताना उघडी पडते. सूर उशिरा लागला, आधी नुसती हवा आली किंवा काल आलेला सूर आज अर्ध्यावर तुटला, तर आज स्क्रीम बंद. स्ट्रॉ, पाणी आणि कमी बोलणं. उद्या सकाळी पुन्हा तीच ओळ, त्याच पट्टीत.